मंगळवारची वाट, शनिवारचा लोणावळा

“काका, खिडकीची सीट आहे का? मला बाहेरचं बघायचंय.”

कार्ले फाट्यावर एसटीत चढल्या चढल्या मी कंडक्टरला हे विचारलं. हातात पांढरी काठी, डोळ्यांना काळा चष्मा आणि आवाज खणखणीत. माझ्या वर्गातल्या राजेश्वरी आणि सत्यमनं पैज लावली होती की माझी हिंमत होणारच नाही. पुरावा हवा म्हणून मी खिशातल्या छोट्या यंत्राचं, म्हणजे डबीचं, रेकॉर्डिंगचं बटण आधीच दाबून ठेवलं होतं.

कंडक्टरनं काचेवर टकटक केलं. मग म्हणाला, “आहे की. पण काच लय मळलीय, चालंल का?”

“चालेल. सांभाळून घेईन.”

मागून कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळी गाडीच हसली. मी काठीची घडी घालून ऐटीत खिडकीशी बसले. पैज जिंकले होते. पण आजची खरी परीक्षा ही नव्हती.

मी यशोधरा, कार्ल्याच्या शाळेत दहावीला. मला जन्मापासून दिसत नाही. सातवीपर्यंत मी पुण्याला अंध मुलींच्या वसतिगृहात शिकले. ते काही वाईट नव्हतं. तिथं कालची खुर्ची आजही त्याच जागी असते, जिन्याला दोन्हीकडून कठडा असतो आणि सगळ्या जगाला तुमची सवय असते. पण आठवीला मी घरी परत आले आणि मला कळलं की मला खुर्च्या हलतात तिथंच राहायचंय. आता अकरावीचा प्रश्न होता. कॉलेज लोणावळ्यात, म्हणजे रोज एसटीनं जाणं-येणं. आई नाही म्हणत होती, पप्पा हो म्हणत नव्हते. पुण्याच्या वसतिगृहात जागा होती आणि तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, सोमवारपर्यंत नक्की काय ते कळवा.

शेवटी पप्पांनी अट घातली. “शनिवारी मला सुट्टी आहे, मी घरी असेन. तू एकटीनं लोणावळ्यात, तुंगार्लीला लीलाबाईंकडे जायचं, कार्डात पुस्तकं भरून घ्यायची आणि एकटीनंच परत यायचं. मधे कुणाला फोन करावा लागला तर पुणं. कबूल?”

“कबूल!” मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारची कोंबडी ओरडली.

लीलाबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. आमच्यासारख्यांना त्या बोलकी पुस्तकं कार्डात भरून देतात. एरवी पप्पाच माझं कार्ड त्यांच्याकडे नेऊन आणायचे.

आणि डबी म्हणजे माझं वाचायचं यंत्र. पत्त्यांच्या कॅटाएवढं, वर बोटांना कळतील अशी बटणं आणि डोक्यावर एक फट. फटीत मेमरी कार्ड सरकवलं की आतली बाई म्हणते, “कार्ड मिळाले.” काढलं की म्हणते, “कार्ड नाही.” दोन्ही वेळी आवाज तोच. तिला कशाचं म्हणजे कशाचं सुखदुःख नाही. फट एकच आणि माझी कार्डं दोन. एकात दहावीचे सगळे धडे, दुसऱ्यात वाट.

हो, वाट. मंगळवारी शाळेला सुट्टी होती तेव्हा राजेश्वरी, सत्यम आणि मी लोणावळ्याला गेलो आणि स्टँडपासून लीलाबाईंच्या फाटकापर्यंतचा अख्खा रस्ता त्या कार्डात बोलून ठेवला. “यशू, इथं वडे तळतायत, वास आला की डावीकडे सरक.” “इथं गटाराची फरशी हलते, धप्प वाजली तर बरोबर चाललीयस.” सत्यम तर रस्त्यातल्या कुत्र्याचंही वर्णन करून बसला. तो तुकडा मी मुद्दाम ठेवला होता.

गाडीनं वेग घेतला तसं मला वाटलं, उतरायच्या आधी वाट एकदा ऐकून घ्यावी. मी इअरफोन कानात घातला, बटण दाबलं आणि इअरफोनची पिन नीट बसली नव्हती हे मला अख्ख्या गाडीबरोबरच कळलं.

“मानवी प्रजननसंस्था,” डबीतली बाई मोठ्यानं म्हणाली. “पुरुषाच्या शरीरात—”

मी बंदचं बटण शोधेपर्यंत पुरुषाच्या शरीरातलं बरंच काही सांगून झालं होतं.

“अगं बाई!” शेजारी एक मावशी बसल्या होत्या, मेथीचा वास येत होता त्यांच्याकडून. “काय लावलंय हे पोरी?”

“विज्ञान आहे मावशी. दहावीचं.”

“आसू दे. पर हळू लाव की. म्हातारी माणसं हायत गाडीत.”

माझे कान तापले. आणि लगेच दुसरा विचार आला, त्यानं ते गार पडले. डबीत धड्यांचं कार्ड कसं? हाताला दोन्ही कार्डं अगदी सारखी लागतात, म्हणून आईनं माझ्या जाकिटाला आतून दोन छोटे खिसे शिवलेत. उजव्या खिशात वाट, डाव्यात धडे. सकाळी मी वेणी घालत होते आणि आईनं माझ्यासमोर उभं राहून कार्डं खिशात घातली होती. समोर उभं राहून! म्हणजे तिचा उजवा हात तो माझा डावा खिसा. मी उजव्या खिशातलं कार्ड डोळे झाकून डबीत घातलं होतं. (असं आमच्यातही म्हणतात.)

मी डबीतलं कार्ड काढून उजव्या खिशात टाकलं आणि डाव्या खिशातलं कार्ड बाहेर काढलं. कार्डाचा एक कोपरा कापलेला असतो, तो बोटाला लागला की कार्ड सुलटं कसं धरायचं ते कळतं. मी कोपरा शोधतच होते, इतक्यात ड्रायव्हरनं कच्चकन ब्रेक मारला.

कार्ड हातातून उडालं. खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

“मावशी! हलू नका! कुणी पाय हलवू नका!”

“काय पडलं? सोनं व्हय?”

“कार्ड. पोस्टाच्या तिकिटाएवढं. काळं आहे.” मला रंग राजेश्वरीनं सांगितला होता.

मी गुडघ्यांवर बसले. तळव्याखाली धूळ, शेंगांची टरफलं, कुणाची तरी चप्पल. ते कार्ड नाही तर वाट नाही. वाट नाही तर फोन. फोन केला की पुणं. सगळं इतकं सरळ होतं की मला रडूच यायला लागलं. मावशी आपल्या पाटीतली जुडीन्‌जुडी उचलून झटकत होत्या, पानांचा सपसप आवाज येत होता.

“हे व्हय? मला वाटलं गुळाचा खडा.”

“हो! हो! पुसू नका, तसंच द्या.”

मी ते दोन्ही हातांनी घेतलं, कोपरा शोधला, फटीत सरकवलं. “कार्ड मिळाले,” बाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच मला तिचा आवाज प्रेमळ वाटला.

“काय हाय काय त्यात येवढं?” मावशींनी विचारलं.

“वाट आहे. मंगळवारी भरून ठेवलीय.”

“मंगळवारची वाट?” मावशी हसल्या. “आन् आज शनवार न्हाई का?”

मीही हसले. मला वाटलं त्या गंमत करतायत.

त्यानंतर गाडी सरकायची, थांबायची, सरकायची. हॉर्न वाढले. बाहेर कुठल्या तरी मोटारीत मोठ्यानं गाणी वाजत होती, पोरं खिडकीतून ओरडत होती. कंडक्टर म्हणाला, “चला, वलवण! सगळ्यांनी हितंच उतरा. पुढं पार जाम आहे, गाडी स्टँडला जाणार न्हाई.”

“म्हणजे?” मी म्हणाले. “काका, मला स्टँडवरच उतरायचंय.”

“आमाला बी तितंच जायाचं होतं बाळा. शनिवार आहे.”

आत्ता मला मावशींची गंमत कळली. कार्ल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की लोणावळा आठवड्यातून पाच दिवस आमचा आणि दोन दिवस पाहुण्यांचा. शनिवारी आई दळणसुद्धा तिकडं नेत नाही. आम्ही तिघांनी फरशी मोजली, कुत्रा मोजला, आणि वार मोजायला विसरलो.

मावशी पाटी डोक्यावर घेऊन, “जप गं बाई,” म्हणत दुसरीकडं गेल्या. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. डबीत राजेश्वरी आनंदानं सांगत होती, “स्टँडवर उतरलीस ना? आता पाठ गाडीकडे कर.” तिचा आवाज ऐकून मला जास्तच एकटं वाटलं. मी डबी बंद केली.

आवाज चारी बाजूंनी येत होते. एरवी रस्त्यावर मोटारी येतात आणि जातात, त्यावरून रस्ता कुठून कुठं चाललाय ते कळतं. इथं कुणी येतच नव्हतं की जात नव्हतं. सगळ्या मोटारी जागच्या जागी गुरगुरत होत्या. जणू मी एखाद्या मोठ्या खोलीत उभी होते आणि भिंतीच भुंकत होत्या.

तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट पकडलं.

“आओ बेटा, आओ, मैं क्रॉस करा देती हूँ.” अत्तराचा घमघमाट.

“नको, मला नाही—”

“डरो मत.”

आणि ती बाई मला ओढत निघाली. मोटारींच्या मधून, एका बोनेटला घासून, कुणाच्या तरी हॉर्नच्या अगदी तोंडातून. माझी काठी मागे फरफटत होती. पलीकडच्या कडेला मला उभं करून तिनं गालावरून हात फिरवला. “गॉड ब्लेस,” म्हणाली आणि गेली. चांगली बाई होती. तिनं मला रस्ता ओलांडून दिला, आणि मला रस्ता ओलांडायचा होता की नाही हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

आता मात्र मी पुरती हरवले. ओढत नेताना मी दोनदा वळले होते. पुणं कुठल्या हाताला, लोणावळा कुठल्या, काही म्हणजे काही कळेना. पाठीवरच्या सॅकमध्ये फोन होता. चेनवर माझा हात गेला. एक बटण दाबलं की पप्पा मोटरसायकल काढतील. मोटरसायकल जाममधूनही येते. रागावणार नाहीत, उलट डोक्यावरून हात फिरवतील. आई गरम भाकरी वाढेल. आणि सोमवारी पप्पा पुण्याला फोन करतील, तोही अगदी प्रेमानं.

हे प्रेमच मला जास्त भीती घालत होतं.

मी चेन सोडली. स्वतःला म्हणाले, यशोधरा, इथली कुठली गोष्ट शनिवारीसुद्धा हलत नाही? मोटारी हलतात, टपऱ्या हलतात, बसचा थांबासुद्धा हलतो. मग काय उरलं? रूळ! रूळ नाही हलत. कार्ल्याहून लोणावळ्याकडे तोंड केलं की रेल्वे डाव्या हाताला, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आणि मंगळवारी रेल्वे पाठीमागं टाकून आम्ही तुंगार्लीकडे वळलो होतो.

म्हणून मी गाडीची वाट पाहत उभी राहिले. एरवी आमच्याकडे गाड्यांचा आवाज इतका की आई फोनवर “थांबा, गाडी जाऊ दे” म्हणते. आणि आज एक येईल तर शपथ. हॉर्न, गाणी, मक्याच्या कणसाचा जळका वास, एक लहान मूल सारखं “शू आलीय” म्हणत होतं आणि त्याचा बाप “थांब जरा” म्हणत होता. मला त्या मुलाचं दुःख पटत होतं. उन्हानं कपाळ तापलं. सॅकमधला फोन थरथरला नाही, ह्याचीसुद्धा मला काळजी वाटायला लागली.

मग आली. आधी लांबून भोंगा, मग त्या सगळ्या कल्लोळाखालून एक सलग खडखडाट. मालगाडी असावी, संपतच नव्हती. मी आवाजाकडे तोंड करून उभी राहिले. रूळ समोर, मधे रस्ता. म्हणजे लोणावळा माझ्या उजव्या हाताला. आणि मी उभी होते ती बाजू तुंगार्लीचीच! त्या अत्तरवाल्या बाईनं मला बरोबर जागी आणून टाकलं होतं.

मी चालायला लागले. फूटपाथवर मोटारी लावलेल्या होत्या, दोन चाकं वर, दोन खाली. काठी टक्कन एका दाराला लागली.

“ए! गाडीला काठी काय मारतेस? दिसत नाही का?”

“नाही दिसत,” मी म्हणाले. “पण फूटपाथ कशासाठी असतो ते मला माहितीये.”

मी चालत राहिले. कितीतरी वेळानं एक शिट्टी ऐकू आली, जोरजोरात, आणि वळणाऱ्या मोटारींचा आवाज. मी शिट्टीच्या दिशेनं ओरडले, “साहेब, तुंगार्लीचा फाटा हाच का?”

“हाच हाच. थांब तिथंच पोरी, मी आलो.” जाड आवाज, घामाचा वास. त्यानं माझा दंड धरला.

“साहेब, असं नाही. मी तुमचा हात धरणार, तुम्ही माझा नाही धरायचा. कोपराला धरू द्या आणि तुम्ही पुढं चाला.”

“आं?” त्यानं माझा दंड सोडला. “बरं बाई. आज सगळेच मला शिकवतायत.”

मी त्याचं कोपर धरलं. त्यानं अशी शिट्टी मारली की गुरगुर एकदम थांबली. “थांब रे ए पांढरी! तुला कुठं मंत्रालयात जायचंय? थांब!” आणि आम्ही दोघं त्या फाट्याच्या तोंडावरून असे शांतपणे गेलो की जणू लग्नातले पाहुणे.

पलीकडं पोचताच मी पाय आपटला. धप्प. फरशी हलली! मी डबी चालू केली आणि पुढची वाट शोधली. सत्यम सांगत होता, “फरशी वाजली? आता भिंतीचा हात सोडू नको.” मी भिंतीला अशी चिकटले की तळवा खरचटला.

लीलाबाईंच्या फाटकाची कडी वाजवली तेव्हा त्या धावतच आल्या. “यशोधरा! अगं कुठं होतीस? तुझ्या पप्पांचे तीन फोन आले.”

“मग? तुम्ही काय सांगितलंत?”

“पहिल्या वेळी म्हटलं, येईलच. दुसऱ्या वेळी म्हटलं, पोचली, हातपाय धुतेय. तिसऱ्या वेळी म्हटलं, पोहे खातेय.” त्यांनी मला आत ओढलं. “खोटं बोलले बाई. अर्धा तास झाला असेल, माझी छाती नुसती धडधडतेय. तू आली नसतीस तर मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार होते?”

“म्हणजे पप्पांना वाटतंय मी वेळेवर पोचले?”

“हो. तेवढंच राहू दे. तुझं कॉलेज महत्त्वाचं.”

मी पोहे खाल्ले. लीलाबाईंनी लॅपटॉपमधून धड्यांच्या कार्डात चार पुस्तकं भरली आणि कार्ड माझ्या हातात, माझ्याच हातात, दिलं. परतीची एसटी शेवटी स्टँडवरून मिळाली. तिथंही चार जणांना विचारावं लागलं. पण माझ्या मनात वाट नव्हतीच, मनात ते पोहे होते. जिंकले होते मी. पप्पांच्या दृष्टीनं मी पोचले, भरून घेतलं, परत आले, कुणाला फोन केला नाही. कुणी काही विचारणार नव्हतं. मग मला बरं का वाटत नव्हतं?

गाडीत विचार करता करता मला कळलं. रोज जायचं म्हणजे मी पुन्हा हरवणार. पावसात हरवेन, संपाच्या दिवशी हरवेन, गाडी बंद पडेल तेव्हा हरवेन. आज लपवलं तर त्या दिवशीही लपवावं लागेल. आणि ज्या मुलीला हरवल्याचं घरी सांगता येत नाही, ती खरी हरवली.

फाट्यावर पप्पा आलेच होते. माझा हात नाही धरला, फक्त शेजारून चालत राहिले. घरात आईनं दार उघडलं आणि माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, मी दहा वर्षांनी आल्यासारखी.

“बघ रेणुका,” पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खूश होता की मला पुढचं बोलवेना. “पोरगी गेली, खाऊन-पिऊन आली. मी उगीच तीनतीनदा फोन केले.”

“पप्पा, मी पोहे खात नव्हते.”

“काय?”

“तुम्ही फोन केलात तेव्हा मी वलवणला रस्त्याच्या कडेला उभी होते. हरवले होते. गाडीनं मधेच उतरवलं, एका बाईनं ओढून पलीकडे नेलं. लीलाबाई माझ्यासाठी खोटं बोलल्या, त्यांना काही बोलू नका.”

आईच्या हातातला तांब्या खाली टेकला. बाहेर कुणीतरी “जय भीम, धम्मदीप!” म्हणून गेलं आणि पप्पांनी उत्तर दिलं नाही. असं कधी होत नाही.

“मग फोन का नाही केलास?” आईनं माझे दोन्ही खांदे धरले. “अट गेली खड्ड्यात. काही झालं असतं म्हणजे?”

“करणार होते आई. चेनला हात लावला होता. मग रेल्वेचा आवाज आला आणि मला कळलं मी कुठं आहे.”

“आणि नसता आला आवाज?” पप्पांनी विचारलं.

“तर केला असता फोन. खरंच केला असता. पण तेवढ्यावरून पुणं, हे मला मान्य नाही. हरवल्यावर फोन करणं म्हणजे नापास होणं नव्हे. सत्यम चार महिन्यांपूर्वी तळेगावात हरवला होता, त्याला कुणी वसतिगृहात टाकलं नाही.”

पप्पा हसले नाहीत, पण खाट करकरली. ते बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. तळव्यावर ओरखडे होते आणि ते त्यांना दिसत असणार. दिसू देत.

“मी ठरवलंय,” मी म्हणाले. “सोमवारी पुण्याला नाही म्हणून कळवायचं. अकरावी मी लोणावळ्यातच करणार, एकटी जाणार, एकटी येणार. आणि जेव्हा जेव्हा हरवेन तेव्हा तुम्हाला फोन करून सांगणार, ‘पप्पा, मी हरवलेय.’ तुम्ही फक्त ‘बरं, मग आता काय करणार?’ एवढंच विचारायचं. उद्या रविवार आहे, आजच्यापेक्षा जास्त गर्दी असेल. उद्या सकाळच्या गाडीनं मी परत लोणावळ्याला जाणार आहे.”